आरडतोय तवर धरायचं

मी पोटापाण्यासाठी काय करते हे माहेरच्या माणसांना समजावून सांगणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, एवढ्यावर खरं तर भागायला हवं. पण माझ्या माहेरच्या, कबनूरच्या माणसांचं एवढ्यावर भागत नाही. ‘शिकिवतीस ते कळलं, पन त्या प्रयोगशाळंत काय करतीस?’ मग मी सांगायची, आपल्या अंगातल्या पेशी वेळ झाली की ठरवून मरतात, तर त्या कशा मरतात आणि भलत्या वेळी मरण्यापासून त्यांना कोण वाचवतं, हे बघते. एका लग्नात शेजारी बसलेल्या मावशीनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘मजी मरनारी बघत बसतीस,’ ती म्हणाली. ‘आनि त्याचा पगार देत्यात?’ मी हो म्हटलं. मावशी पदर सावरत उठली आणि लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली.

त्यात हे मारणं-वाचवणं प्रथिनं करतात आणि प्रथिनं म्हणजे प्रोटीन, असं सांगायला जावं तर आणखी घोटाळा. कोल्हापुरात प्रोटीन म्हणजे तालमीतल्या पोराची थंडाई, भिजवलेले बदाम आणि कट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेलं म्हशीचं दूध. मी प्रोटीनवर काम करते म्हटल्यावर एक चुलतभाऊ वजन वाढवायचा सल्ला घ्यायला आला होता. मी ज्यांच्यामागे लागले आहे ती प्रथिनं खायची नसतात. ती पेशीच्या आत राहतात आणि एकमेकांवर नजर ठेवणं हाच त्यांचा धंदा. प्रत्येक पेशीत मारेकरी प्रथिनं तयारच बसलेली असतात. पेशी म्हातारी झाली किंवा बिघडली की त्यांनी तिला आतून मोडून काढायचं, गाजावाजा न करता. आणि या मारेकऱ्यांनी फुटकळ कारणावरून उठू नये म्हणून त्यांना धरून ठेवणारी दुसरी प्रथिनं असतात. ती नसती तर साधं ऊन लागलं तरी माणूस आटोपला असता.

हे वर्गात सांगताना मी लग्नाचं उदाहरण देते. आमच्याकडे लग्न म्हटलं की मानपान आला, मानपान आला की रुसवा आला, आणि रुसव्यातून कुणीतरी बाह्या सरसावून उभा राहणार हे ठरलेलं. कुणाला फेटा उशिरा बांधला, कुणाला वरपक्षानं ‘या, बसा’ म्हटलं नाही. मग तो ओरडतो, ‘सोडा मला, आज ह्याला दावतोच!’ गंमत अशी की हे वाक्य तो म्हणतो तेव्हा त्याला अजून कुणीच धरलेलं नसतं. धरायला माणूस येईपर्यंत तो जागचा हलत नाही. मग मागून एकजण येतो, दोन्ही काखांतून हात घालून त्याला आवळतो, आणि मंडप वाचतो. तो धरणारा म्हणजे आपलं रक्षक प्रथिन, असं मी सांगते. पोरं खदाखदा हसतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात.

तो धरणारा माणूस म्हणजे माझे वडील, हे मी वर्गात सांगत नसे. आणि माझं हे लाडकं उदाहरण एक दिवस त्यांच्याच जिवावर उठेल, असं तर मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आप्पा कबनूरला जॉबर होते. जॉबर म्हणजे यंत्रमागांचा वैद्य. कुठल्या मागाचं काय दुखतंय हे आवाजावरून ओळखायचं, पाना घेऊन आडवं व्हायचं आणि माग परत चालता करायचा. सगळा जन्म त्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं म्हणून जमत नाही. देवाला नमस्कार करतानासुद्धा ते ओरडतात. ‘देवा, सगळ्यास्नी सुखी ठेव’ हे आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, त्यामुळे गल्लीतलं कुणी सुखी राहिलं नाही तर त्याची तक्रार देवाकडेच, आमच्याकडे नाही.

भावकीत लग्न ठरलं की ते लावणाऱ्या जंगमस्वामींच्या पाठोपाठ आप्पांना आवतण यायचं. त्यांना फेटा बांधून जेवणाच्या पंगतीजवळ खुर्ची देत, कारण भांडणं तिथंच लागतात. काही लग्नांत तर त्यांना दोन्हीकडून बोलावणं असे. धरायची त्यांची एक रीत होती, आणि मी शाळेत असताना त्यांनी ती मला मोठ्या गांभीर्यानं सांगितली होती.

‘आरडतोय तवर धरायचं. गप झाला की सोडायचं.’

‘लगेच?’

‘लगीच. गप झालेल्या मान्साला धरून ठिवलं तर त्यो खराच चिडतो.’

असे शांतिदूत असूनही आप्पांचा एक जन्माचा वैरी होता. बांधलेला फोर्क. कापड विणताना आडवा धागा तुटला किंवा संपला, तर माग आपोआप थांबावा म्हणून बाजूला एक छोटा काटा असतो, त्याला फोर्क म्हणतात. त्याला नीट ताणाची स्प्रिंग असली की तो उगाच पडत नाही, आणि पडायचं तेव्हा पडतो. पण स्प्रिंग बिघडली की धागा न तुटताही तो घडोघडी माग थांबवतो. विणकराची मजुरी मीटरवर. थांबलेला माग त्याला कसा परवडावा? मग जॉबरला हाक मारण्याऐवजी तो सरळ फोर्क दोऱ्यानं बांधून टाकतो. आता धागा तुटो नाहीतर धोट्यातली धाग्याची कांडी संपो, माग बिनघोर चालतो. धोटा रिकामाच इकडून तिकडे पळत राहतो आणि कापडात झिरझिरीत पट्टा पडत जातो. मी दुपारी डबा घेऊन जायची तेव्हा आप्पा बहुतेक वेळा हेच करत असायचे. खिशातल्या कात्रीनं दोरा कापायचा आणि सगळ्या मागांच्या वर आवाज चढवून विणकराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. ‘थांबायचं तवा थांबना, त्यो कसला माग रं!’ डबा हातात धरून मी आप्पांचं तोंड दमायची वाट बघत बसायची.

तर असे आप्पा. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मानेला गाठी आल्या. आव्वानं, म्हणजे आईनं, हळद लावली, मग दुसऱ्या गावची हळद लावली. जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा मी दोघांना कोल्हापूरला माझ्याकडे आणलं. रक्त तपासलं, त्यात पांढऱ्या पेशींची जत्रा. शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवलं आणि सांगितलं, सावकाश चालणारा रक्ताचा कॅन्सर आहे.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, ‘या पेशी फार वाढतात असं नाही हो. त्या मरतच नाहीत. त्यांच्यात मरण अडवून धरणारं एक प्रथिन असतं ना, ते खूप जास्त झालंय. म्हाताऱ्या पेशी साचत राहिल्यात.’ आणि त्या प्रथिनाचं नाव त्यांनी घेतलं.

माझं प्रथिन! ज्याची चित्रं मी इतकी वर्षं फळ्यावर रंगीत खडूनं काढत आले तेच. खोटं कशाला सांगू, ते नाव ऐकून क्षणभर मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखा आनंद झाला. ‘मला माहितेय, मला माहितेय’ असं म्हणत मी वर्गातल्या पुढच्या बाकावरच्या पोरीसारखी पुढे सरकले. मग शेजारी आप्पा दिसले, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले, आणि मी मागे सरकले.

यावर आता गोळी निघाली आहे, बाई म्हणाल्या. ती गोळी त्या रक्षक प्रथिनाला जाऊन चिकटते. त्याचे हात अडकले की त्यानं धरलेले मारेकरी सुटतात आणि साचलेल्या पेशी एकदाच्या मरतात. प्लीहा सुजली आहे, गाठी वाढतायत, रक्त उतरतंय, तेव्हा फार थांबण्यात अर्थ नाही. गोळी घेतली तर पुष्कळ चांगले दिवस मिळतील. नाही घेतली तर काय, हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. ते मला ऐकायचं नव्हतं.

घरी आल्यावर आप्पा म्हणाले, ‘ती बाई डाक्टरी बोलीत काय बोलली ते आपल्या बोलीत सांग. कळल्याबिगर मी काय बी गिळत न्हाय.’ मला तर आनंदच झाला. आयुष्यात पहिल्यांदा माहेरच्या माणसानं माझा विषय आपण होऊन विचारला होता. मी चहा ठेवला, समोर बसले आणि लग्नाचं उदाहरण सुरू केलं. रुसलेला पाहुणा, सरसावलेल्या बाह्या, ‘सोडा मला’. मागून येऊन धरणारा माणूस.

आप्पांचा चेहरा फुलला. ‘मजी त्यो मी!’

‘व्हय, तुम्हीच.’

‘बग गं,’ त्यांनी आव्वाला हाक मारली, ‘पोरगी मला कालिजात शिकिवती!’ आव्वा कणकेचे हात घेऊन बाहेर आली. सगळं कसं छान चाललं होतं. मग आप्पांनी विचारलं, ‘बरं, मग ती गोळी काय करती?’

‘ती गोळी त्या धरणाऱ्याचे हात धरते.’

‘हां.’ आप्पांनी बशी खाली ठेवली. ‘मजी भांडनारं सुटतंय.’

‘हो.’

‘आनि मारामारी हुतीया.’

‘हो, पण ती...’

‘आनि धरनाऱ्यालाच धरायला तू इलाज म्हंतीस?’

आप्पा उठले, टीव्ही लावला आणि बातम्यांच्या वर आवाज काढून म्हणाले, ‘जलमभर लोकं धरत आलो. आता माझ्याच अंगातल्या धरनाऱ्याचं हात बांधायची गोळी मी गिळू? न्हाय जमनार. जे हुईल ते हुईल.’ विषय संपला. कोल्हापूर जिल्ह्यात ‘न्हाय जमनार’ या वाक्यावर अपील नाही.

मी चित्रं काढून दाखवली. त्यांनी चित्रांचं कौतुक केलं. डॉक्टरीणबाईंना फोनवर बोलायला लावलं. आप्पा त्यांना ‘व्हय बाई, बरोबर हाय बाई’ म्हणाले, तिकडे त्यांच्या कानठळ्या बसल्या, आणि फोन ठेवून ते म्हणाले, ‘मुलगी गुनी हाय. गोळी नगं.’ माझ्या नवऱ्याचं शाहूपुरीत पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक पटवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. तो पाटावर बसून म्हणाला, ‘मामा, एवढी एक घेऊन तर बघा. न्हाय पटली तर बंद करू.’ आप्पांनी त्याला विचारलं, ‘दुकानात असंच म्हंतासा न्हवं? आनि परत किती जनांचं घेतलं?’ नवरा दुकानात निघून गेला.

आव्वानं तर कमालच केली. सणवार नसताना पुरणपोळ्या केल्या आणि एकीत गोळी दडवली. जन्मभर दडवलेले दोरे शोधलेल्या माणसापुढं ही गोळी कशी टिकणार? आप्पांनी पोळी हातात घेतली, उजेडात धरली, बोटानं चाचपली, गोळी काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि उरलेल्या पोळीवर तूप वाढून घेतलं. ‘पुरन झ्याक झालंय,’ ते म्हणाले. मी आव्वाला रागावले, गोळी अख्खी गिळायची असते म्हणून. आव्वा म्हणाली, ‘अख्खीच घातलीती की. मी काय खुळी हाय?’

मी हे आज हसत सांगते. तेव्हा हसू येत नव्हतं. आप्पांच्या दंडावर निळे डाग उठायला लागले होते, कशाला धडकले नसतानाही. ते दुपारी बसल्याबसल्या झोपून जायचे आणि त्यांची मान गाठींमुळे एका बाजूला नीट टेकायची नाही. मी कॉलेजात जाऊन तेच रक्षक प्रथिन शिकवायची आणि लग्नाचं उदाहरण आलं की गाळून पुढे जायची. मला भीती वाटत होती.

मग एका सकाळी आप्पा खालून पेपर आणायला गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. मी बघायला गेले तर ते जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले होते. पेपर मांडीवर, तोंडानं श्वास चाललेला. मला बघून म्हणाले, ‘जरा बातम्या वाचायलोय.’ पेपराची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मला आप्पांचाच राग मिळाला आहे, आणि तो आला की माझी कॉलेजची मराठी कुठल्या कुठे पळते.

‘बातम्या वाचायलायसा?’ मी ओरडले. ‘धरनारा, धरनारा म्हणून मिरवायलायसा? तुमच्या रक्तात कुनी धरनारा बिरनारा ऱ्हायला न्हाय आता. फोर्क बांधलाय कुनीतरी! धागा कवाच तुटलाय, कांडी संपलीया, आनि माग चालूच हाय! नुसतं झिरझिरीत कापड निघायलंय, आनि ठेवायला जागा न्हाय म्हणून मानंत साठायलंय. जलमभर ज्या दोऱ्याच्या नावानं बोंबललासा, त्योच अंगात जपून ठिवलायसा. आनि कापायला कात्री दिली तर म्हंतासा, न्हाय जमनार!’

खालच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि बंद झालं. मला वाटलं, आप्पा आता उठतील ते थेट कबनूरची एसटी पकडायलाच.

‘फोर्क बांधलाय?’ ते म्हणाले.

‘व्हय.’

‘मग त्ये लग्नातलं मानूस कशाला सांगिटलंस?’

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. म्हटलं, आप्पा, तेही खरंच आहे. चांगल्या पेशीत ते प्रथिन म्हणजे फोर्कची स्प्रिंग. जरा धक्का बसला तर माग थांबू नये, एवढ्यापुरती. ती हवीच. पण तुमच्या या पेशींत ती स्प्रिंग राहिलीच नाही. दोऱ्यावर दोरा बांधत गेल्यासारखं झालंय. थांबायची वेळ झाली तरी त्यांना थांबता येत नाही.

आप्पांनी मग प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि त्यांचा आवाज बदलला. शेडमध्ये नवीन माग आला की मालकाला विचारायचे तसा झाला. ‘ही गोळी समद्याच मागांचं फोर्क मोकळं करनार का बांधलेल्यांचंच?’

‘थोडा त्रास चांगल्यांनाही होईल. म्हणून तर सारखं रक्त तपासायचं. पण चांगल्यांना सावरायला बाकीची आणखी प्रथिनं असतात. या बिघडलेल्या नुसत्या त्या एका दोऱ्यावर चालल्यात. दोरा कापला की थांबतात.’

‘हं.’ त्यांनी पेपर काखेत मारला. मग कठड्याला धरून उठले. ‘आदी तसं सांगायचं की! उगंच लग्नातल्या भानगडी सांगत बसलीस. आन ती कातर.’

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या गोळीला कातर म्हणतात. डॉक्टरीणबाईसुद्धा तपासताना विचारायच्या, ‘कातर वेळेवर घेता ना?’

पुढचं सोपं होतं असं मात्र नाही. ही गोळी सुरुवातीला अगदी थोडी द्यायची आणि हळूहळू वाढवायची असते. आप्पांना ही चालढकल वाटली. कापायचं ठरलंय तर सगळे दोरे एकदम का नाही, हे त्यांना कळेना. मी म्हटलं, सगळ्या पेशी एकाच दिवशी मेल्या तर तो कचरा काढता काढता मूत्रपिंडं बसतील. म्हणून सावकाश, आणि म्हणून पाणी प्यायचं, भरपूर. हे ‘भरपूर’ आव्वानं मनावर घेतलं. पुरणपोळीत झालेली फजिती तिनं पाण्यात भरून काढली. ती तांब्या घेऊन त्यांच्यामागे अशी फिरायची की आप्पा तिच्या पायांचा आवाज ऐकून झोपेचं सोंग घ्यायचे. झोपेत घोरणं ते विसरायचे, त्यामुळे पकडले जायचे.

त्यातच मलकापूरचे मामा, म्हणजे आव्वाचे थोरले भाऊ, भेटायला आले ते अर्धं पोतं पपनसं घेऊन. परसातल्या झाडाची, लहान मुलाच्या डोक्याएवढी. आप्पांचा तर पपनसावर जीव. सोलून, पाकळ्या मोकळ्या करून, वर मीठ-तिखट. पण या गोळीबरोबर पपनस चालत नाही, त्यानं गोळीचं रक्तातलं प्रमाण भलतंच वाढू शकतं असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी दारातच पोतं अडवलं. मामांचा चेहरा पडला. ‘आजाऱ्याला फळ आनलं तर दारातनं परत लावतासा व्हय? न्हाई, न्हाई, असू दे. आमचं फळ इख हाय. येतो आमी.’ आणि ते आत न येता जिना उतरायला लागले. मानपानाला मांडव लागतोच असं नाही.

आप्पा आतून उठून आले. गाठी उतरायला लागल्या होत्या, पण अंगात अजून तेवढं बळ नव्हतं. तरी त्यांनी मामांना जिन्याच्या तोंडाशी मागून गाठलं आणि काखांतून हात घातले. ‘सोडा मला, पावणं!’ मामा ओरडले. आप्पांनी सोडलं नाही. ‘मला गावाकडं जाऊ द्या!’ नाही सोडलं. मामा मग हळूहळू मवाळ झाले, शेवटी गप्प झाले, आणि आप्पांनी लगेच हात काढले. मामा आत येऊन बसले. पपनसं आम्ही सगळ्यांनी आप्पांच्या देखत खाल्ली, आणि त्यांनी ती आम्हाला सोलून दिली. पाकळी नाकाशी नेऊन वास तेवढा घेतला. तेवढ्याला डॉक्टरांची हरकत नसावी असं मी धरून चालले.

गाठी गेल्या. दंडावरचे डाग गेले. रक्ताचे आकडे ताळ्यावर आले तेव्हा डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि आप्पांनी त्यांना इतक्या मोठ्यानं आशीर्वाद दिला की बाहेरचे पेशंट आत डोकावले. त्या दिवशी मी गाडीत रडले. आप्पा म्हणाले, ‘आता कशाला? आता तर बरं हाय की.’ म्हणूनच, मी म्हटलं.

परवा भावकीत लग्न होतं, इचलकरंजीला. आप्पांना आवतण होतंच, पंगतीजवळची खुर्चीही होती. ताटातल्या कशावरून तरी भडकून एक पाहुणा उभा राहिला. आप्पांनी धोतर सावरलं आणि मागून जाऊन त्याला धरलं. त्यानं वळून बघितलं, आपल्याला कोण धरतंय ते त्याच्या लक्षात आलं, आणि तो कावराबावरा होऊन म्हणाला, ‘आप्पा, तुमी बसा हो. मी गप बसतो.’ आजारपणाची बातमी गावभर झाली होती. आप्पांना हे मुळीच आवडलं नाही. परतीच्या वाटेवर ते धुसफुसत होते. ‘नीट आरडला बी न्हाय. धरायची मजाच गेली.’

घरी पोचलो. आव्वा पुढे वर गेली, नवरा गाडी लावायला गेला. मधल्या पायरीवर, त्याच त्या, आप्पांचा तोल गेला. मी मागेच होते. काही कळायच्या आत माझे हात त्यांच्या दोन्ही काखांतून पुढे गेले आणि मी त्यांना आवळून धरलं. त्यांच्या फेट्याला अजून मांडवातल्या अत्तराचा वास होता.

‘सोड मला,’ आप्पा म्हणाले.

मी सोडलं नाही. ते तसेच उभे राहिले. मग, त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे साध्या माणसाच्या नेहमीच्या आवाजात, त्यांनी विचारलं, ‘ही कातर कवातरी बोथट हुनार न्हवं? डाक्टरीनबाई बोललीया मला. मीच इचारलं.’

‘होईल. कधी ते माहीत नाही. मग दुसरं औषध बघू.’

‘बघा की. मी कुटं नगं म्हंतोय? पन दुसरं बी संपलं की मग मला बांधून ठिवू नगंस. नळ्या घालून, मशिनीला लावून. धागा संपल्याला माग नुसता चालवायचा, त्यात काय इज्जत न्हाय.’

इतकी वर्षं पेशींचं मरण शिकवते, कुठली पेशी कधी सोडायची हे मी डोळे झाकून सांगेन. मी त्यांच्या पाठीला कपाळ टेकलं.

‘आणि कधी सोडायचं ते मला कसं कळणार, आप्पा?’

‘ल्हानपनी सांगिटलंय की तुला,’ ते म्हणाले. ‘आरडतोय तवर धरायचं.’

पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. त्यांनी मान वर केली, छाती भरून घेतली आणि जिन्यातून वर आव्वाला हाक मारली, ‘चा ठेव गं! आन पानी दाखवू नगंस मला!’ खालच्या मजल्यावरचं दार उघडलं, वरच्याही मजल्यावरचं उघडलं. मी त्यांना धरूनच होते.